कबरीचा मानकरी



आजचा विषय तिन्हीसांजेला काढू नये असा आहे, आणि व्याख्यानमाला नेमकी संध्याकाळचीच असते. त्याला माझा इलाज नाही. थोरामोठ्यांच्या कबरी आणि समाध्या, कोण कुठं पुरलं गेलं आणि पुढं त्या जागेचं काय झालं, याबद्दल मला बोलायचं आहे. मराठवाड्यात या विषयाला तोटा नाही. राजधान्या इथं फार काळ टिकल्या नाहीत, पण राजे मरायला इथं आले. संत, सुफी, कवी आणि छावणीतले गोरे हे सगळे याच मातीत आहेत.

दगडावर नाव कोरलं की ते टिकतं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ज्याचा त्या जागेवर मान आहे, ज्याला ठरल्या दिवशी तिथं जाऊन काहीतरी करावंच लागतं, तो माणूस ती जागा टिकवतो. चादर चढवायची, नारळ फोडायचा, दिंडी न्यायची, निदान केरवारा करायचा. असा मानकरी असला तर चार विटांचा ओटाही पाचशे वर्षं राहतो. तो नसला तर सरदाराच्या घुमटात शेळ्या बांधल्या जातात.

सुरुवात खुलताबादपासून करावी लागते. वेरुळला जाताना दौलताबादचा घाट चढून गेलं की तटबंदीतलं ते गाव लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दरबाराबरोबर सुफी मंडळीही दक्षिणेत आली. बुऱ्हानुद्दीन गरीब त्यांच्यातले मोठे. त्यांच्या मागोमाग झैनुद्दीन शिराझी. दरबार काही वर्षांत माघारी गेला, सुफी मात्र राहिले. त्यांचे दर्गे झाले, आणि दर्ग्याच्या सावलीत आपल्याला जागा मिळावी म्हणून पुढची चारशे वर्षं राजेलोकांची रीघ लागली.

त्या गर्दीत एक कवीही आहे. अमीर हसन सिज्झी हा निजामुद्दीन औलियांचा शिष्य आणि अमीर खुसरोचा मित्र. गुरूंच्या बैठकीतलं बोलणं त्यानं टिपून ठेवलं, त्याचा ‘फवायद-उल-फुआद’ हा ग्रंथ झाला. दिल्लीचा हा माणूस राजधानीबरोबर इकडं आला आणि १३३७ च्या आसपास इथंच गेला. त्याच्या कबरीवर साखर ठेवायची आणि पोराला ती चाटायला लावायची, म्हणजे पोराची बुद्धी तल्लख होते, अशी समजूत चालत आली आहे. फारसी दिवाण वाचणारा आज शोधून सापडणार नाही, पण परीक्षा जवळ आल्यावर पोराला कुठं न्यायचं हे आईला माहीत असतं. लातूर पॅटर्नच्या गावात मी हे बोलतो आहे याची मला जाणीव आहे. क्लासची फी भरूनही साखर चाटवायला कोणाची हरकत नसावी. सांगायचं ते हे की, ग्रंथानं जे झालं नाही ते चिमूटभर साखरेनं झालं. कवीच्या कबरीला मानकरी मिळाले.

आता औरंगजेब. हे नाव काढल्यावर सभागृहात थोडी चुळबुळ होते, ती झाली. १६८१-८२ मध्ये हा बादशहा दख्खनेत उतरला. मराठ्यांचा निकाल लावून दिल्लीला परतायचं, असा त्याचा हिशेब होता. पंचवीस वर्षं तो छावणीतून छावणीत फिरला आणि मार्च १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मेला. तिथून त्याला खुलताबादला आणलं आणि झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात एका कोपऱ्यात पुरलं. कबरीवर छप्पर नाही. मध्ये उघडी माती ठेवलेली आणि तिच्यात सब्जाचं रोप. स्वतः शिवलेल्या टोप्या विकून उरलेल्या चार रुपये दोन आण्यांत आपला दफनविधी करावा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं, असं म्हणतात. भोवतीची संगमरवरी जाळी निजामाच्या काळातली, फार नंतरची.

तिथून सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर त्याच्या बेगमेचा, दिलरास बानूचा, मकबरा आहे. बीबी का मकबरा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये सांगितला जातो. बायकोला पावणेसात लाख आणि नवऱ्याला चार रुपये! काटकसरीचं कौतुक करणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. साधेपणाही एक प्रकारचा थाट असतो, असं माझं मत आहे. या माणसानं संभाजी महाराजांचे जे हाल केले ते विसरून त्याच्या कबरीकडं बघा, असं कोणी सांगू नये, मीही सांगत नाही. पण २०२५ साली त्या कोपऱ्यावरून जो गदारोळ झाला, त्यात एक गोष्ट कोणी बोललं नाही. त्याच्या कबरीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात त्याच्या वैऱ्यांच्याही कबरी आहेत.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती पडला. दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात, तो उरलेलं आयुष्य कैदेत राहिला. तोही खुलताबादलाच पुरला आहे. म्हणजे कैदी आधी येऊन पडला आणि काही वर्षांनी पकडणारा त्याच गावात आला. मोगलांच्या मांडवातून बाहेर पडून हैदराबादचं राज्य थाटणारा पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला, त्यालाही आणून इथंच ठेवलं, बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात. त्याचा मुलगा नासिरजंग १७५० मध्ये दूर जिंजीकडं मारला गेला, तरी दफन इथंच.

आणि मलिक अंबर. या माणसाबद्दल आपण मराठवाड्यात फार कमी बोलतो. हबसाणात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून फिरत निजामशाहीत आलेला गुलाम. त्याला निजामशाहीच्या पेशव्यानं विकत घेतलं आणि पुढं त्यानं स्वतःच निजामशाही चालवली. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. शहराला खापराच्या नळांतून पाणी दिलं. जमिनीची पाहणी करून त्यानं जो सारा बांधला त्याची आठवण पुढं शेकडो वर्षं महसुली कागदांत निघत राहिली. १६२४ ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना त्यानं लोळवलं, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. गनिमी काव्याची तालीम मराठी शिलेदारांना त्याच्या हाताखाली मिळाली, हे आता शाळेच्या पुस्तकातही आलं आहे. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याचा घुमट आहे, हयातीतच बांधून घेतलेला, आणि जवळच त्याची बायको बीबी करीमा हिचा.

औरंगजेबाच्या कोपऱ्यावर पोलीस बसवावे लागतात आणि मलिक अंबराच्या घुमटाची वाट विचारावी लागते. त्याच्या नावानं नारळ फुटत नाही आणि दंगलही होत नाही. द्वेष करणाराही एक तऱ्हेचा मानकरीच म्हणायचा, कारण तो तारीख चुकवत नाही. अंबराला तोही नाही.

नांदेडची गोष्ट वेगळी, कारण तिथं कबर नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०५ मध्ये औरंगजेबाला फारसीतून पत्र लिहिलं, ते जफरनामा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतर दोन वर्षांत बादशहा गेला, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीकाठी गुरूही गेले. एकानं दुसऱ्याला खडसावलं आणि दोघांचाही शेवट एकमेकांपासून दोन वर्षांच्या आत महाराष्ट्राच्या मातीत झाला. गुरूंचं दहन झालं त्या ठिकाणी सचखंड गुरुद्वारा उभा आहे. आताची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. गादी कोणा माणसाला न देता ग्रंथाला दिल्यामुळं इथला मानकरी ग्रंथच झाला. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा नांदेडचे रस्ते, विमानतळ, घाट सगळं बदललं. एका स्मृतिस्थळानं अख्ख्या शहराचा नकाशा हलवला, असं उदाहरण मराठवाड्यात दुसरं नाही.

आता जरा सावकाश बोलायचं आहे ते अजिंठा गावातल्या एका लहान कबरीबद्दल. लेणी नव्हेत, घाटावरचं अजिंठा गाव.

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी, जन्म १८०४ चा. लेण्यांतली चित्रं उतरवून घेण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये त्याची नेमणूक केली. तो अजिंठ्याच्या बारादरीत राहायचा आणि लेण्यांत जाऊन मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रं उतरवायचा. वटवाघळं, ओल, अंधार, वाटेत जनावरांची भीती. या कामात त्याची वीसेक वर्षं गेली. चित्रं लंडनला रवाना झाली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागून बहुतेक सगळी जळाली. माणसाचं उभं आयुष्य एका रात्रीत गेलं. गंमत म्हणावी की दुर्दैव, पण पुढं १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुलं घेऊन पुन्हा सगळं उतरवलं, आणि १८८५ मध्ये त्यातलीही पुष्कळ लंडनमध्येच जळाली. गिलनं काढलेले फोटो मात्र राहिले, ते १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले.

या गिलची अजिंठ्यातली सोबतीण म्हणजे पारो. १८५६ मध्ये ती गेली. गिलनं तिची कबर बांधली आणि दगडावर इंग्रजीत तीनच गोष्टी कोरल्या: माझ्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६, आणि स्वतःचं नाव.

त्या दगडाकडं जरा नीट बघा. तो काळ कोणता? सत्तावन्नच्या आदल्या वर्षीचा. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी देशी बायका घरात ठेवल्याची उदाहरणं शेकड्यांनी आहेत, पण त्यांची नावं फार तर मृत्युपत्रात येतात, अमक्या बीबीला इतके रुपये अशी. उघड्यावर, गावाच्या डोळ्यांसमोर, ‘लाडकी’ हा शब्द दगडावर कोरून खाली आपलं नाव घालणारे थोडेच. गिलला इंग्रज बायको होती, मुलं होती, हुद्दा होता. त्याची जगानं दखल घेतलेली चित्रं जळून गेली आणि हा एवढा दगड राहिला. त्याचं सर्वांत टिकाऊ काम हेच, असं मला कधीकधी वाटतं.

गिल स्वतः १० एप्रिल १८७९ रोजी भुसावळला वारला. रेल्वेच्या त्या गावात गोऱ्यांचं कबरस्तान होतं, तिथं त्याला पुरलं. म्हणजे ती घाटावर आणि हा खाली तापीखोऱ्यात. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं आणि २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्यावर चित्रपट काढला, तेव्हा कुठं मराठी माणसाला पारो माहीत झाली. इतक्या वर्षांनी तिला मानकरी मिळाला तो पळसखेडचा शेतकरी कवी. पण कवी वर्षातून एकदा झाडलोट करत नाही. ते काम कोणाच्या तरी नावावर लागावं लागतं.

छावण्यांचं म्हणाल तर जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, या सगळ्या ठिकाणी फौजा होत्या, आणि जिथं छावणी तिथं गोऱ्यांची दफनभूमी. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची आहे, त्यांच्यापुढं छावणीतला कोण कॅप्टन कुठं झोपला आहे याची कोणाला फिकीर असणार? जालन्याजवळच्या बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये धर्मांतर केलं तेव्हा मुंबई हादरली होती. ते १८९१ मध्ये परदेशाहून परतताना बोटीवरच वारले. त्यांची आठवण बेथेलच्या चर्चमध्ये जपायची, कबरीत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर धर्म ख्रिस्ती आणि विधी आपला, अशी सांगड घातली. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणं दहन झालं आणि रक्षा नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवली. पुरणं की जाळणं यावरून भांडणाऱ्यांना हे ऐकवावं.

मानकरी दूर राहिला तर काय होतं, त्याचा दाखला औरंगाबादच्याच एका मुलाचा आहे. वली दखनी, उर्दू गझलेचा आद्य कवी. तोही १७०७ सालीच गेला, पण अहमदाबादेत. शाहीबागेत रस्त्याकडेला त्याची मजार होती. २००२ च्या दंगलीत ती पाडली गेली आणि लगेच वरून डांबर टाकून रस्ता सारखा करण्यात आला. त्यावरून आज वाहनं जातात. ज्या शहरात तो जन्मला त्या शहरातून तेव्हा किती जण जाब विचारायला उठले, हा प्रश्न मी आपल्याकडंच ठेवतो.

आता घराजवळ येऊ. लातूर, नांदेड, बीदर या पट्ट्यात पुरण्याची रीत मुसलमान-ख्रिस्त्यांपुरती कधीच नव्हती. लिंगायत समाजात माणूस लिंगैक्य झाला की त्याला बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलपत्रासह मूठमाती देतात. त्या जागेला रुद्रभूमी म्हणायचं. त्यामुळं आपल्या गावांत समाधी ही मोठ्या संतांपुरती मर्यादित नाही, ती शेताच्या बांधावर आजोबांचीही असते. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० ला गेले, त्यांची समाधी अहमदपूरला भक्तिस्थळावर आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी बीड जिल्ह्यात कपिलधारला. कार्तिकी पौर्णिमेला लातूर-नांदेडकडच्या दिंड्या तिकडं चालत जातात. तेरला गोरोबाकाकांची समाधी, उदगीरच्या किल्ल्यात उदगीरबाबांची, आणि आपल्या शहरात पटेल चौकातला सुरतशहावली दर्गा. बाभळगावला विलासबागेत विलासराव देशमुखांच्या स्मृतिदिनी, १४ ऑगस्टला, जी माणसं जमतात, तीही याच रीतीतली, फक्त ती जागा अजून नवी आहे.

हे सगळं नुसत्या श्रद्धेवर चाललं, असं समजू नका. निजामाच्या राज्यात दर्गा, मठ, मंदिर यांच्या सेवेसाठी जमिनी तोडून दिलेल्या होत्या. खिदमतमाश म्हणतात ते हेच. दिवा लावणं, झाडणं, उरूस करणं, यात्रेकरूला पाणी देणं, ही सेवा करणाऱ्यानं त्या जमिनीवर पोट भरायचं. मुंतखब, म्हणजे हक्काचा सरकारी दाखला, हातात असला की हक्क, आणि सेवा थांबली की हक्कावर बोट. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली या जमिनींची प्रकरणं आजही कलेक्टर कचेरीत चालतात. शहरं वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि सेवेची जमीन विकता येत नसतानाही ठिकठिकाणी प्लॉट पडले. जिथं जमीन गेली तिथं चार-दोन वर्षांत दिवा गेला. पारोच्या कबरीला खिदमतमाश नव्हती. मलिक अंबराच्या घुमटालाही होती असं दिसत नाही. आपण ‘वारसा’ म्हणून जे भाषण करतो त्याच्या मुळाशी शेवटी सातबारा असतो.

किल्लारीचा उल्लेख केल्याशिवाय या जिल्ह्यात हा विषय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. पडलेल्या माळवदांचीच लाकडं सरणाला लागली. ५२ गावं नव्या जागेवर उठली. घरं, शाळा, रस्ते नव्यानं आखले गेले. जुन्या गावठाणाच्या कडेच्या रुद्रभूमी आणि कबरस्तानं तिथंच राहिली. नव्या गावातून जुन्या जागी पूर्वजांच्या समाधीला जाणारे अजून आहेत. पण ज्यांचा जन्म नव्या गावातला, त्यांना कोणती समाधी कोणाची हे आताच सांगून ठेवायला हवं. त्याला पैसा लागत नाही. एक वही, गावातले दोन म्हातारे आणि सुटीतली चार पोरं एवढं पुरतं.

शेवटचं ठिकाण सरहद्दीपलीकडचं आहे, पण परकं नाही. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. बीदरच्या बाहेर अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. त्यात अहमदशहा वलीचा घुमट, सुलतान १४३६ ला वारलेला. मुसलमान त्याला वली मानतात आणि लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. दरवर्षी त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळ गावाहून एक जंगम निघतो, बरोबर माणसं घेऊन अष्टूरला येतो आणि कबरीवरचा पहिला मान त्याचा असतो. तो नारळ फोडतो, शेजारी फातिहा पढली जाते. सल्तनत गेली, बरीदशाही गेली, मोगल आणि निजाम गेले, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी जंगमाचं येणं सुरू आहे. सुलतानाच्या कबरीचा मानकरी एक जंगम, आणि त्याबद्दल तिथं कोणाला नवल वाटत नाही.

उदगीरची मंडळी आज इथं बरीच आली आहेत. आपल्याकडून बीदर काही लांब नाही. उरुसाच्या वेळी जमलं नाही तर एरवी जा, पण जा. घुमटात आतून रंगकाम आहे, लाल, सोनेरी, निळ्या वेली आणि अक्षरं थेट वरपर्यंत गेलेली. आत अंधार असतो, मोबाईलची बॅटरी पुरत नाही, चांगली टॉर्च बरोबर ठेवा.